माती खायचे डोहाळे कौतुकाचे नाहीत

संपादक साहेब, नमस्कार.
डोहाळे लागले की चिंच, कैरी, आवळा काय हवं ते पुरवावं, जीभ मागते ते द्यावंच असं माझं मत आहे, पण माझी भाची सातव्या महिन्यात पाटीवरची पेन्सिल कुरुमकुरुम खायची, उशीखाली डबीत तुकडे लपवलेले, आणि घरचे म्हणे डोहाळेच ते, खाऊ दे. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८! गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. माती, खडू, बर्फ खावासा वाटणं हे बऱ्याचदा अंगात लोह कमी असल्याचं लक्षण असतं. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात, फक्त चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. हे तुमच्या आरोग्याच्या पानावर मोठ्या अक्षरात छापा, सासवा वाचतील असं.
— एक मावशी, सातारा