गाण्याआधीचा प्रवास

चि. ओजस,
अनेक आशीर्वाद.

विस्थापितांवरचं तुझं गाणं ऐकलं. चाल मनात बसली. शब्दांबद्दल मात्र बोलायचं आहे, आणि ऑस्ट्रेलियातल्या मिडनाइट ऑइल या रॉक बँडचा गायक पीटर गॅरेट याच्याबद्दलही. ‘मिडनाइट ऑइलचा गायक मंत्री झाला तेव्हाच विकला गेला’ असं परवा फोनवर एका वाक्यात बोलून तू मोकळा झालास. मला ते पटलेलं नाही.

आधी त्यांच्या ‘बेड्स आर बर्निंग’कडे बघ. हे गाणं 1987 चं. त्याच्या आदल्या वर्षी ही मंडळी वारुम्पी बँडबरोबर ऑस्ट्रेलियाच्या मधल्या वाळवंटात, आदिवासी वस्त्या-वस्त्यांमधून फिरली होती. वारुम्पी बँड पापुन्या वस्तीतला. आदिवासी भाषेतलं पहिलं रॉक गाणं 1983 साली त्यांनीच काढलं, लुरिचा भाषेत. सिडनीचे पब दणाणून सोडणारे मिडनाइट ऑइल तिथे पाहुणे होते. तिथे त्यांना पिंटुपी लोकांची हकिगत कळली. 1950-60 च्या दशकांत सरकारने या लोकांना त्यांच्या मुलखातून उचलून पापुन्यासारख्या वस्त्यांत आणून ठेवलं होतं, आणि 1980 च्या सुमारास ते आपल्या पायांनी पश्चिमेकडे, किंटोरला, स्वतःच्या जमिनीवर परत निघाले होते.

म्हणून त्या गाण्यात किंटोरचं नाव येतं, युएन्डुमूचं येतं, मोडून पडलेल्या होल्डन गाड्या येतात, 45 अंशांचं ऊन येतं. मागणीही सरळ आहे: जमीन त्यांची आहे, त्यांना परत करा. तुझ्या गाण्यात अश्रू आहेत, अंधार आहे, वादळ आहे, पण एकाही गावाचं नाव नाही. कोणाची जमीन गेली, कोणी घेतली, काहीच कळत नाही. असं गाणं कोणालाही झोंबत नाही रे.

त्यांचं झोंबायचं. अलास्कात एक्सॉनच्या जहाजातून तेल सांडलं 1989 मध्ये. पुढच्याच वर्षी भर दुपारी न्यूयॉर्कमध्ये एक्सॉनच्या इमारतीसमोर ट्रक उभा करून, त्याच्यावर चढून हे लोक वाजवायला लागले. आणि मग सिडनी ऑलिम्पिकचा समारोप, 2000 साली. आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून नेलं गेलं, त्याबद्दल सरकारच्या वतीने माफी मागायला पंतप्रधान जॉन हॉवर्ड तयार नव्हते, आणि ते त्या रात्री स्टेडियममध्ये हजर होते. बँड आला तो अंगभर ‘सॉरी’ लिहिलेले काळे कपडे घालून. वाजवलं तेच ‘बेड्स आर बर्निंग’. सगळं जग बघत होतं. भाषण नाही, घोषणा नाही. ते दृश्य आजही बघताना माझा गळा दाटून येतो.

आता मंत्रिपदाचं. राजकारण गॅरेटला म्हातारपणी सुचलेलं नाही. कायदा शिकलेला माणूस तो. 1984 मध्येच अण्वस्त्रविरोधी पक्षाकडून सिनेटसाठी उभा राहिला आणि थोडक्यात पडला. पुढे पर्यावरण चळवळीत वर्षानुवर्षं काम केलं, 2004 मध्ये लेबर पक्षाकडून खासदार झाला, 2007 मध्ये पर्यावरणमंत्री. तुझा राग कशाचा आहे ते मला ठाऊक आहे. आयुष्यभर युरेनियमविरुद्ध गायलेल्या माणसाने 2009 मध्ये फोर माइलच्या युरेनियम खाणीला मंजुरी दिली. मलाही ते खुपतं. पक्षाचं धोरण बदललं होतं, मंत्र्याचे हात बांधलेले असतात, हे सगळं खरं असलं तरी खुपतं. पण 13 फेब्रुवारी 2008 ला पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत त्या मुलांची माफी मागितली, तेव्हा गॅरेट त्याच सरकारात मंत्री होता. आधी जी गोष्ट अंगावर लिहून मिरवावी लागली, ती संसदेच्या कामकाजात नोंदली गेली. ती काही एकट्या गॅरेटमुळे नाही, आदिवासींच्या कित्येक वर्षांच्या लढ्यामुळे. तरी आत बसायला कोणीतरी जावंच लागतं, आणि जो जातो त्याचे कपडे मळतात. त्याच्यावर टीका कर, जरूर कर. ‘विकला गेला’ म्हणू नकोस. विकला गेलेला माणूस खासदारकी सोडल्यावर पुन्हा त्याच लोकांसाठी गायला उभा राहत नाही.

तो राहिला. 2020 मध्ये बँडने आदिवासी कलावंतांना बरोबर घेऊन ‘द मकराटा प्रोजेक्ट’ हा अल्बम काढला, संसदेपुढे आपला आवाज मागणाऱ्या आदिवासींच्या उलुरू जाहीरनाम्याला पाठिंबा म्हणून. 2022 मध्ये शेवटचा दौरा केला. आणि 2023 च्या सार्वमतात आदिवासींना संसदेपुढे आपलं म्हणणं मांडायला हक्काचं मंडळ द्यावं का, या प्रश्नावर सुमारे 60 टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटलं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

तुझं गाणं रेकॉर्ड करायची घाई करू नकोस. ज्यांच्यावर लिहिलं आहेस त्यांच्याकडे आधी जाऊन ये. चार दिवस राहा, त्यांच्यात कोणी गाणारं असेल तर त्यांचं ऐक, जमलं तर त्यांनाच बरोबर घे. जाण्यायेण्याचा खर्च मी देते. कधी निघतोस ते कळव.

तुझी,
आई