व्हॅनवाल्या काकांना, त्या दिवशी टायर बघितल्याबद्दल

काका, समोर बोलायला गेले की घसा भरून येतो आणि तुमची पुढच्या पोरांची वेळ झालेली असते, म्हणून इथं लिहितेय. तुमच्या लेकीला वाचून दाखवायला सांगणारे.

आमचा डिव्होर्स झाला तेव्हा जो तो आम्हा दोघांनाच समजावत होता, पोरीचं काय हे नीट विचारलं ते फक्त फॅमिली कोर्टातल्या काउन्सेलर मॅडमनी. जॉइंट कस्टडी ठरली. सोमवार ते बुधवार कोथरूडला माझ्याकडे, गुरुवार-शुक्रवार सहकारनगरला बाबांकडे, शनिवार-रविवार आलटून पालटून. वकील म्हणाले पालकत्वाचा कायदा १८९० चा, त्यात जॉइंट कस्टडी हा शब्दच नाही, २०१५ मध्ये लॉ कमिशननं शिफारस केली होती, पण आपण आपसात ठरवून लिहून द्यायचं. दिलं लिहून. आठ वर्षांच्या पोरीला त्या कागदाचं काय, ती रात्री उठून विचारायची, उद्या कुठं झोपायचंय? मॅडम म्हणाल्या होत्या, उद्याचं आजच माहीत असलं की मुलं निवांत होतात. मग दोन्ही घरी फ्रीजवर सारखंच कॅलेंडर, ब्रश, कंपास, नाइट ड्रेस सगळं दोन दोन. घरातलं जमलं हळूहळू. रस्त्यातलं जमेना.

तुमच्या आधीचे व्हॅनवाले शाळा सुटली की अख्ख्या गाडीसमोर ओरडायचे, "हिला आज कुठं टाकायचं?" टाकायचं! पोरगी काय पार्सल आहे? बाकीची पोरं हसायची आणि ही घरी येऊन म्हणायची मला व्हॅननं जायचंच नाही. दोनदा सांगितलं तर म्हणाले, मॅडम दोन घरं तुमची, आम्ही किती लक्षात ठेवायचं. आणि आमचे नातेवाईक, शिकलेसवरलेले सगळे, लग्नात भर पंगतीत तिला विचारणार, आई जास्त आवडते का बाबा? त्या दिवशी ती जेवली नाही.

तुम्ही पहिल्याच दिवशी संध्याकाळी फोन केलात, "ताई, आठवड्याचं मला लिहून द्या, पोरीला विचारायला नको." कालनिर्णयच्या पानावर लाल म्हणजे आई, निळा म्हणजे बाबा, आणि ते पान पोरांना दिसणार नाही असं घडी करून तुमच्या खिशात. एवढ्यासाठीच मी आयुष्यभर आभार मानले असते.

पण तो गुरुवार. ह्यांचं काम लांबलं, मला मेसेज टाकला आणि मी मीटिंगमध्ये, बघितलाच नाही. तुम्ही सहकारनगरच्या कोपऱ्यावरनंच बघितलंत की गॅलरीचं दार बंद, खाली गाडी नाही. गेटपर्यंत नेलीच नाहीत व्हॅन. अलीकडेच बाजूला घेतलीत, पोरांना म्हणालात "टायर बघतो जरा", आणि खाली उतरून एका हातानं टायर दाबत दुसऱ्या हातानं आम्हा दोघांना फोन लावत राहिलात. वीस मिनिटं, बाकीच्या आया तुम्हाला फोन करून ओरडत असताना. तिचे बाबा पळत आले, वरचं दार उघडलं, मग तुम्ही गाडी गेटाशी नेलीत. रात्री फोनवर ती मला सांगते, "आई, काकांच्या टायरला काहीतरी झालेलं पण पंक्चर नव्हतं." बास, एवढंच. आपल्याला न्यायला कोणी नव्हतं हे तिला कळलंच नाही काका. मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

आम्ही दोघं नवरा-बायको म्हणून हरलो असू, पण आई-बाबा म्हणून दोघंही धडपडतोय, आणि ह्या धडपडीत आमच्या जवळच्यांनी नुसती मतं दिली. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत की का मोडलं, चूक कुणाची. माणसाला जे विचारायचं नसतं ते न विचारणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, आणि किती कमी लोकांना जमते.

आता ती रात्री उठत नाही. परवा तर मीच विसरले आणि तिनंच सांगितलं, "आज निळा आहे." रंगांचं तुमचं गुपित तिला कधी कळलं कुणास ठाऊक!

आणि हो काका, बुधवारी तिची पाण्याची बाटली गाडीत राहिलीय. माझ्याकडे नका आणू, उद्या बाबांकडेच द्या.