'शिक्षिका' हा शब्द कुणी गाळला?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सोमवारच्या अंकात पाचव्या पानावर माझ्या आजीच्या निधनाची बातमी आपण छापलीत, त्याबद्दल आभार. पण दोन दिवस झाले तरी ती बातमी वाचून आलेला राग जात नाही, म्हणून हे पत्र.

बातमी सहा ओळींची. त्यातल्या तीन ओळी माझ्या बाबांची आणि काकांची नावे, त्यांची खाती, त्यांची पदे यांनी भरलेल्या. आजी त्यांची 'मातोश्री'. मग मुलगे, सुना, नातवंडे, पतवंडे 'असा परिवार आहे'. संपली बातमी. तिने ३४ वर्षे सरकारी प्राथमिक शाळेत शिकवले, याचा एका शब्दाने उल्लेख नाही. आम्ही दिलेल्या मजकुराची पहिलीच ओळ ती होती: 'सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, कुर्डी'. काकांनी स्वतः बसून लिहिली होती. काकांची बढती छापून आली नसती तर त्यांना काडीचेही वाईट वाटले नसते. ही ओळ गेली ते मात्र त्यांना फार लागले आहे.

आपल्या कार्यालयात फोन केला. जागा कमी होती आणि निधन वार्तेचा साचा ठरलेला असतो, असे उत्तर मिळाले. ठीक आहे, साचा असेल. पण त्याच रकान्यात, आजीच्या बातमीला लागूनच, एका गुरुजींची बातमी आहे. त्यात 'सेवानिवृत्त शिक्षक' आहे, 'विद्यार्थीप्रिय' आहे, 'शिस्तप्रिय' आहे. त्या गुरुजींना माझा नमस्कार, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण पुरुष गेला तर शिक्षक जातो आणि बाईमाणूस गेले तर फक्त कुणाची तरी आई जाते, हा साचा कुणी ठरवला? जागेचे म्हणाल, तर समोरच्याच पानावर पाव पान वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत. त्याचे पैसे मिळतात हे मला कळते. आम्हाला दोन शब्द हवे होते. सांगितले असते तर त्यांचेही पैसे भरले असते.

हे सगळे मी कदाचित गिळलेही असते. पण काल सकाळी इथे सांगेच्या बाजारात गेले होते. तिथे गावठी केळी घेऊन एक गृहस्थ बसतात, साठीला टेकलेले, मूळचे कुर्डीचे, आता वालकिणीला असतात. मला बघून नेहमीसारखी आजीची तब्येत विचारली, "बाईची भलायकी कशी आसा? ह्या मयन्यांत येवंक जमलें ना." मी सांगितले. ते काही वेळ माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "हांवें वाचलें तें. पूण ती आमची बाई म्हूण कळ्ळेंच ना." आपला सोमवारचा अंक त्यांच्या टोपलीशेजारी होता. ती बातमी त्यांनी वाचली होती आणि पान उलटले होते.

हे गृहस्थ कोण, ते सांगते. १९६४ साली आजी कुर्डीच्या शाळेत लागली. गोवा मुक्तीपूर्वी ती देवळातल्या मराठी शाळेत शिकलेली, वर पोर्तुगीजांची प्रिमेर ग्राव ही प्राथमिक परीक्षा पास झालेली. भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार तेव्हा गावोगाव प्राथमिक शाळा काढत होते आणि शिकवायला माणसे हवी होती. पटावर मुलींची नावे असायची, मुली नसायच्या. आई-बाप शेतात गेले की धाकटे भावंड थोरल्या मुलीच्या कडेवर. आजीने घरोघर जाऊन सांगितले, पोर घेऊन या. वर्गाच्या वाश्याला तिने आपल्या जुन्या साडीची झोळी बांधली. तान्हे मूल झोळीत, बहीण खाली पाटी घेऊन, आणि आजी एका हाताने फळ्यावर लिहिते आहे, दुसऱ्या हाताने झोळीची दोरी ओढते आहे. त्या झोळीत झोपलेले ते मूल म्हणजे हे केळीवाले गृहस्थ. त्यांची बहीण त्यामुळे चौथी झाली. पुढे ते स्वतःही तिच्याच हाताखाली शिकले. या माणसाला बाई गेल्याचे वर्तमानपत्र वाचून कळू नये, ते बाजारात माझ्या तोंडून कळावे, याचा मला राग आहे.

आणि असे ते एकटेच नाहीत. कुर्डी साळावली धरणाखाली गेली, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. दक्षिण गोव्याच्या नळांना पाणी येते ते तिथूनच. गाव उठला, कुणी वाडे गावात गेले, कुणी वालकिणीला. आजीच्या कपाटात एक वही आहे. तिने शिकवलेल्या मुलांची नावे तीत आहेत आणि प्रत्येक नावापुढे तिच्या वळणदार अक्षरात 'वाडे' नाहीतर 'वालकिणी' असे लिहिले आहे. मे महिन्यात पाणी उतरले की कुर्डीकर सोमेश्वराच्या देवळाकडे जमतात, तेव्हा तीही जायची. शाळेचे जोते दिसते तिथे छत्री घेऊन उभी राहायची आणि येईल त्याला नावाने हाक मारायची. त्या लोकांना ती 'बाई' म्हणूनच माहीत. बाबांचे खाते आणि हुद्दा वाचून त्यांनी तिला कसे ओळखावे?

आणखी एक, आणि हेही मला तितकेच लागले आहे. बातमीत 'दिर्घ आजाराने' असे छापले आहे. एक तर आजार दीर्घ नव्हता. पंच्याऐंशीव्या वर्षी ती चार दिवस अंथरुणावर होती, पाचव्या दिवशी गेली. आणि दुसरे, 'दीर्घ'मधला 'दी' दीर्घ असतो. तिने लहानपणी 'कांहीं', 'नाहीं' असे डोक्यावर टिंबे देऊन गिरवले होते. १९६२ मध्ये लेखनाचे नियम बदलले, तेव्हा सगळे पुन्हा शिकली आणि मगच मुलांसमोर उभी राहिली. पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी शिकवताना ती हाच शब्द फळ्यावर लिहायची, कारण त्याचा उच्चारच मुलाला आधार देतो. आम्हा नातवंडांनाही तिने तो असाच शिकवला, पडवीत बसून, आमच्या पेन्सिलींना टोक काढता काढता. अर्धे ब्लेड कागदात गुंडाळून ती सदैव जवळ ठेवायची. आधी टोक, मग पाटीवर किंवा वहीवर अक्षर. बोथट पेन्सिलीने लिहू द्यायची नाही. साल मांडीवरच्या पदरात पडायची आणि उठताना ती पदर अंगणात झाडायची. मी पस्तिशी ओलांडली आहे, तरी घरी गेले की माझी पर्स उघडून पेन्सिल आहे का बघायची.

आपले वर्तमानपत्र आमच्याकडे कित्येक वर्षे येते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही ती भिंग लावून ते वाचायची, अग्रलेख मात्र आमच्याकडून मोठ्याने वाचून घ्यायची. या ओळखीवर एक विनंती करते. कृपया ही बातमी दुरुस्त करून पुन्हा छापा. बाबांचे आणि काकांचे हुद्दे काढून टाका, त्या दोघांनीच तसे सांगितले आहे. त्या जागी 'कुर्डीच्या शाळेतील बाई' एवढे घाला. दुसरे काही मावत नसेल तर तेवढेच छापा. फोटो आपल्याकडे आहेच.

बारावे येत्या बुधवारी, सांगेच्या घरी आहे. वाडे आणि वालकिणीच्या लोकांना घर माहीत आहे. दुरुस्ती त्याआधी आली तर ते येतील.

माझे नाव छापू नये.

आपली विश्वासू,
बाईंची नात, सांगे