हिरवी खूण डॅशबोर्डवर, पोस्ट कुठेच नाही

दिनांक: 10 नोव्हेंबर 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
बाणेर कार्यालय, पुणे

विषय: सोशल मीडियावर ठरल्या वेळी पोस्ट टाकणाऱ्या तुमच्या टूलने डॅशबोर्डवर खोटी स्थिती दाखवणे, पोस्ट भलत्याच अकाउंटवर जाणे आणि जादा आकारणी याबाबत तक्रार

महोदय/महोदया,

तुमच्या चॅटवर गेले काही आठवडे मी हेच सगळं तुकड्यातुकड्यांनी लिहिते आहे. दर वेळी नवा माणूस येतो, दिलगिरी व्यक्त करतो, ब्राउझरची कॅश (तात्पुरती साठवण) क्लिअर करायला सांगतो आणि तिकीट बंद करून टाकतो. म्हणून आता सलग, कागदावर आणि स्पीड पोस्टाने पाठवते आहे. हीच प्रत ईमेलनेही पाठवली आहे. बाणेरच्या ऑफिसात मराठी वाचणारं कुणीतरी असेलच.

मी नारायण पेठेत राहते आणि घरूनच, एकटीने, छोट्या व्यावसायिकांची सोशल मीडिया अकाउंट सांभाळते. लक्ष्मी रस्त्यावरचं साड्यांचं दुकान, टिळक रस्त्याजवळची खानावळ, कोथरूडचा कथकचा क्लास, उपवासाचं फराळ करून देणाऱ्या एक काकू, लग्नकार्याच्या ऑर्डरी घेणारे एक केटरर. प्रत्येकाचं इन्स्टाग्राम वेगळं, फेसबुक पेज वेगळं, कुणाचं यूट्यूब, कुणाचं एक्स (पूर्वीचं ट्विटर). दिवसभर एकातून लॉगआउट आणि दुसऱ्यात लॉगइन करत बसायला नको, सगळं एका पडद्यावर दिसावं, एवढ्यासाठी तुमचं टूल घेतलं. महिना 3,000 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 3,540 रुपये. माझ्यासारखीला ही रक्कम लहान नाही.

नवरात्र म्हणजे साडीवाल्यांसाठी काय असतं, हे पुण्यात ऑफिस असलेल्यांना सांगायला नको. त्या दिवसाचा रंग, त्या रंगाच्या साड्या, सकाळी साडेसहाला पोस्ट. कामावर निघणाऱ्या बायका ती बघतात, मैत्रिणींना पाठवतात आणि संध्याकाळी दुकानात येतात. या वर्षी 22 सप्टेंबरला घटस्थापना होती. रंगांची सगळी मालिका मी त्याआधीच शेड्यूल करून ठेवली होती. अर्ध्या नवरात्रात दुकानमालकांच्या मुलाने इन्स्टाग्रामचा पासवर्ड बदलला. अकाउंट त्यांचं, पासवर्ड त्यांचा, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पासवर्ड बदलला की टूलला दिलेली परवानगी, म्हणजे टोकन, रद्द होतं. नाही बदलला तरी वेळेत नूतनीकरण न केल्यास ते 60 दिवसांनी संपतंच. हा या धंद्यातला रोजचा प्रकार आहे, तुम्हाला तो माझ्याहून चांगला ठाऊक असणार.

त्या दिवसापासून दुकानाच्या अकाउंटवर एकही रंग लागला नाही. तुमच्या डॅशबोर्डवर मात्र रोज साडेसहाला हिरवी खूण, शेजारी 'पब्लिश्ड' आणि खाली सेकंदासकट वेळ. ईमेल नाही, लाल पट्टी नाही, 'अकाउंट पुन्हा जोडा' अशी सूचनाही नाही. 'पोस्ट पाहा'वर क्लिक केलं तर पोस्टऐवजी दुकानाचं प्रोफाइल उघडायचं. हे मला कळलं ते मालकांचा फोन आल्यावर. "मॅडम, गिऱ्हाईक विचारतंय आजचा रंग कुठाय, तुम्ही गावाला गेलात का?" मी त्यांना हिरव्या खुणांचा स्क्रीनशॉट पाठवला. त्यांनी उलट त्यांच्या अकाउंटचा स्क्रीनशॉट पाठवला. पुढे बोलण्यासारखं काही राहिलं नाही. त्या महिन्याचं माझं निम्मं बिल त्यांनी कापलं आणि मी ते मुकाट्याने मान्य केलं, कारण कालचा रंग आज लावून कुणाच्या कामाचा?

यावर तुमच्या सपोर्टचं उत्तर जपून ठेवलं आहे: हिरव्या खुणेचा अर्थ 'पोस्ट आमच्या सर्व्हरवरून रवाना झाली' एवढाच आहे. म्हणजे पोस्टमनने पेटीतून पाकीट काढलं की लगेच पोचपावती. इन्स्टाग्रामवर बाहेरच्या टूलमधून पोस्ट कशी लागते, हे मला आता तुमच्यामुळे शिकावं लागलं. आधी फोटोचा कंटेनर, म्हणजे प्रसिद्ध न झालेला मसुदा, तयार होतो, मग तो पब्लिश करायची विनंती जाते, आणि ती मान्य झाली की पोस्टचा आयडी परत येतो. टोकन मेलेलं असेल तर आयडीच्या जागी एरर येते. दोन्हींतलं काय आलं, हे तुमच्या सर्व्हरला त्याच क्षणी समजतं. तुम्ही ते वाचत नाही, किंवा वाचूनही मला सांगत नाही. यातलं खरं कोणतं, ते लेखी कळवा.

दुसरा प्रकार याहून वाईट, पण थोडक्यात सांगते, कारण आठवलं की अजून मान खाली जाते. जुलैच्या सुरुवातीच्या अपडेटनंतर 'अकाउंट निवडा' ही यादी बदलली. आधी ती कोरी यायची आणि जिथे टिक कराल तिथेच पोस्ट जायची. आता वर्कस्पेसमधली, म्हणजे मी टूलला जोडलेली, सगळी अकाउंट आधीच टिक होऊन येतात. तेही चाललं असतं, पण अपडेटच्या आधी शेड्यूल केलेल्या पोस्टही तुम्ही याच नियमात ओढल्यात. आषाढी एकादशी 6 जुलैला होती. आदल्या दिवशी संध्याकाळी खानावळीची 'आखाड स्पेशल' पोस्ट फराळवाल्या काकूंच्या अकाउंटवर लागली. एका चौकटीत साबुदाणा वडा आणि त्याला खेटून सुकं मटण, अळणी रस्सा. काकूंच्या नेहमीच्या एका गिऱ्हाइकाने खाली लिहिलं, "काकू, उद्यासाठी हे पण का?" मी डॅशबोर्डवर डिलीट दाबलं. पोस्ट डॅशबोर्डवरून गेली, इन्स्टाग्रामवर जशीच्या तशी राहिली. शेवटी काकूंच्या नातवाला क्लासमधून बाहेर बोलावून त्याच्या फोनवरून ती काढली.

तुमच्या जाहिरातीत 'मराठीसह भारतीय भाषांसाठी खास' असं लिहिलं आहे. त्याचा अनुभवही ऐका. एक्सची मर्यादा 280 चिन्हांची. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटी वेगळी धरून, एक्स एकच मोजतं. तुमचा मोजणारा आकडा मात्र प्रत्येकाचे तीन धरतो, म्हणजे 93 चिन्हं झाली की लाल होतो आणि पोस्ट पुढे जाऊच देत नाही. तीन का, तर यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, देवनागरी चिन्ह तीन बाइटचं असतं. चिन्हं मोजायची तिथे बाइट मोजले गेले आहेत. हे शोधायला मला अभियांत्रिकीची पदवी लागली नाही.

याच्या पुढची गंमत केटररच्या पोस्टमध्ये झाली. काही कीबोर्डवर 'ऱ्या' लिहिताना र आणि य यांच्यामध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह बसतं. पोस्ट पाठवताना तुमचं टूल 'अनावश्यक अदृश्य चिन्हं' साफ करतं, त्यात हेही उडतं, आणि आडवा अर्धा र जाऊन वर रफार चढतो. मी लिहिलं होतं 'आमच्या आचाऱ्यांच्या हातची बासुंदी'. अकाउंटवर लागलं 'आमच्या आचार्यांच्या हातची बासुंदी'. खाली पहिलीच प्रतिक्रिया, "कोणत्या मठाचे?" पुण्यात अशी संधी सोडतो कोण. प्रीव्ह्यूमध्ये मजकूर बरोबर दिसत होता, हे मुद्दाम नोंदवते. म्हणजे प्रीव्ह्यू वेगळा मजकूर दाखवतो आणि जातो वेगळाच.

आणि घड्याळ. माझ्या सेटिंगमध्ये टाइम झोन 'आशिया/कोलकाता', म्हणजे भारताची वेळ, आहे. तरी 3 नोव्हेंबरपासून खानावळीची सकाळी 7 ची मिसळीची पोस्ट 8 ला लागते आहे. नाश्त्याला बाहेर पडणारा माणूस तोपर्यंत दुसरीकडे पाव मोडत बसलेला असतो. 2 नोव्हेंबरला अमेरिकेत घड्याळं एक तास मागे गेली. भारतात ती कधीच मागेपुढे होत नाहीत. याचा अर्थ माझी वेळ तुम्ही साठवताना अमेरिकेच्या घड्याळाला बांधून ठेवली आहे. ऑफिस बाणेरला, गिऱ्हाईक नारायण पेठेत, मिसळ टिळक रस्त्यावर, आणि वेळ न्यूयॉर्कची! सपोर्टने मला सगळ्या पोस्ट एक तास आधीच्या करून ठेवायला सुचवलं. मार्चमध्ये त्यांची घड्याळं पुन्हा पुढे जातील, तेव्हा त्या सगळ्या परत मी बदलायच्या का?

एकत्र इनबॉक्सबद्दल फार लिहीत नाही. इन्स्टाग्रामवर आलेला मेसेज तिथे इतक्या उशिरा उमटतो की मेटाची (इन्स्टाग्राम-फेसबुकची मालक कंपनी) उत्तराची 24 तासांची मुदत उलटून गेलेली असते आणि उत्तराची चौकट बंद. कथकच्या क्लासच्या चौकश्या अशाच गेल्या.

जे तुमच्या हातात नाही त्याबद्दल मी भांडत नाही. एक्सने 2023 पासून टूलवाल्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली, त्याचा वेगळा आकार तुम्ही लावलात, मी तो दिला. फेसबुक ग्रुपवर बाहेरून पोस्ट टाकायची सोय मेटाने एप्रिल 2024 मध्ये बंद केली, हेही मान्य. पण मग मी या वर्षी प्लॅन घेतला तेव्हा तुमच्या विक्रीच्या पानावर 'फेसबुक ग्रुप' हे चिन्ह कशाला होतं? ते आजही आहे. कोथरूडच्या पालकांच्या ग्रुपसाठी शेड्यूल केलेली पोस्ट आजही रांगेत जाते आणि, सवयीप्रमाणे, हिरवी होते.

आता पैशांचं. टोकन मेल्यावर अकाउंट पुन्हा जोडलं की तुमचं टूल त्याला नवं प्रोफाइल धरतं. जुनं 'निष्क्रिय' म्हणून यादीत राहतं, मोजणीतही राहतं, आणि आधीचे सगळे आकडे, रीच, फॉलोअरचा आलेख, शून्यापासून सुरू. नोव्हेंबरच्या बिलात अशा तीन प्रोफाइलचे 885 रुपये जादा लागले आहेत. रक्कम 15,000 च्या आत असल्याने ओटीपी न मागता कार्डावरून आपोआप गेली. आदल्या दिवशी बँकेची सूचना आली, म्हणून निदान कळलं तरी. प्लॅन बंद करायला गेले तर 'रद्द करा' हे बटण चॅटकडे नेतं, चॅट 'आमचे प्रतिनिधी आत्ता उपलब्ध नाहीत' म्हणतो, आणि दरम्यान पुढचा महिना लागतो. घेताना एक क्लिक पुरतं, सोडताना माणूस शोधावा लागतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला 'डार्क पॅटर्न'विषयी, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन रचनांविषयी, जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात सबस्क्रिप्शन ट्रॅप नावाने हाच प्रकार दिलेला आहे. तुमच्या कायदा विभागाला ती वाचायला द्यावीत.

'तुम्ही व्यावसायिक ग्राहक आहात, ग्राहक कायदा तुम्हाला लागू नाही' असं चॅटवरच्या एका गृहस्थांनी मला सांगितलं. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूंचा वापर 'व्यावसायिक हेतू'त धरलेला नाही, आणि तेच तत्त्व सेवेलाही लावावं, असं माझं म्हणणं आहे. मी एकटी काम करते, माझ्याकडे नोकर नाहीत, आणि यावरच माझं घर चालतं.

तेव्हा माझी मागणी अशी. सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांचे 10,620 रुपये आणि जादा आकारलेले 885 मिळून 11,505 रुपये त्याच कार्डावर परत करावेत. प्लॅन आजच्या तारखेने रद्द करून ई-मँडेट, म्हणजे कार्डावरून आपोआप पैसे घेण्याची परवानगी, तोही काढावा. माझ्या सर्व अकाउंटचे जुने आकडे, 'निष्क्रिय' प्रोफाइलमधले धरून, एक्सेल फाइलमध्ये द्यावेत. ते माझ्या गिऱ्हाइकांचे आहेत, तुमचे नव्हेत. आणि नवरात्रातल्या ज्या पोस्ट तुम्ही 'पब्लिश्ड' म्हणून दाखवल्या, त्यांच्या मागे इन्स्टाग्रामकडून नेमकं काय उत्तर आलं होतं, त्याचा लॉग, म्हणजे सर्व्हरवरची नोंद, द्यावा. हा लॉग मला पैशांइतकाच हवा आहे. साडीवाल्यांचा अजून असाच समज आहे की मी पोस्ट टाकल्याच नाहीत आणि स्क्रीनशॉट बनवून पाठवले. तो लॉग तुमच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह मिळाला तर त्यांच्यासमोर ठेवता येईल.

ई-कॉमर्स नियम, 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं झालं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन अर्ज करीन. एवढ्या रकमेच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही. उत्तर पत्राने किंवा ईमेलने द्यावं. कृपया चॅटवर बोलावू नये, आणि कॅश क्लिअर करायलाही सांगू नये. केलेली आहे.

सोबत: दोन्ही बाजूंचे स्क्रीनशॉट, सप्टेंबर ते नोव्हेंबरची बिलं, चॅटच्या प्रती, विक्रीच्या पानाची आजच्या तारखेची प्रिंट.

आपली ग्राहक,
सही/-
नारायण पेठ, पुणे 411030