बूस्टर पडला म्हणजे उड्डाण फसले नव्हे

महोदय,
उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोहोचतो, पण परतणारा बूस्टर, म्हणजे रॉकेटचा खालचा पहिला टप्पा, कोसळला की लगेच ‘रॉकेट अपयशी’ असा मथळा येतो. हे वाचून वाईट वाटते. ग्राहकाने पैसे मोजलेले असतात उपग्रह पोहोचवण्याचे. सुटा झालेला पहिला टप्पा परत आणणे ही त्याहून वेगळी चाचणी.

स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटचेच बघा. सप्टेंबर २०१३ मध्ये कॅनडाचा कॅसिओपी उपग्रह सुखरूप कक्षेत गेला. बूस्टरने परतताना इंजिने पुन्हा पेटवलीही, पण शेवटी तो स्वतःभोवती गरगरू लागला, इंधन टाकीच्या कडांकडे फेकले गेले आणि ते न मिळाल्याने इंजिन बंद पडले. जानेवारी २०१५ मध्ये बूस्टरची दिशा सांभाळणारे जाळीदार पंख ज्याच्या दाबाने फिरतात ते हायड्रॉलिक तेल ऐन वेळी संपले नि बूस्टर समुद्रातल्या तरंगत्या तळावर आदळला. पुढच्या उड्डाणात तेल वाढवले गेले. त्याच वर्षी डिसेंबरात ऑर्बकॉम कंपनीचे ११ उपग्रह मार्गी लावून बूस्टर अमेरिकेतल्या केप कॅनव्हरलला जमिनीवर उतरला. ते मी थेट पाहिले. धूर विरला आणि काजळलेला तो उंच दंडगोल चार पायांवर उभा दिसला, तेव्हा अंगावर काटा आला! मार्च २०१७ मध्ये तर एकदा वापरलेल्या बूस्टरनेच एसईएस-१० हा व्यावसायिक उपग्रह नेला.

आपल्या बातमीत दोन्ही निकाल वेगळे द्यावेत: उपग्रह कुठे पोहोचला आणि बूस्टर पडला असेल तर नेमका कशाने.

– एक नियमित वाचक