साडेसतरा ब्रिक्स

माइंझ, जर्मनी
६ जानेवारी

तीर्थरूप दादांस आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "यंदाही वायनरीवाले रसाची गोडी साडेसतरा ब्रिक्सवर असतानाच द्राक्षं तोडा म्हणतात. माल अजून कच्चा आहे. पंधरा दिवस थांबले असते तर यांचं काय बिघडलं असतं?" उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. पण तुमचा स्पीकर चालू आणि शेजारी आजी. गळ्यात माळ असलेल्या बाईपुढे वाइनचं पुराण कुठून सुरू करायचं? म्हणून हे पत्र. आईला सगळं वाचून दाखवा. आजीला खुशाली सांगा, तेवढं पुरे.

आधी एक सांगून टाकते. मी घेते, दादा. रोज नाही. सणासुदीला, कुठे गेले तर, एखादा पेला, आणि तोही बहुतेक वेळा फेसाळणाऱ्या वाइनचा. तुम्हाला वाईट वाटेल हे माहीत आहे. पण आपलं सोसायटीचं कर्ज त्या दीड एकरातल्या चेनिन जातीच्या वाइनच्या द्राक्षांनीच फेडलं, आणि त्या चेनिनचं पुढे काय होतं हे आपल्या घरात एकानेही चाखून पाहिलेलं नाही, हे मला इथे आल्यापासून फार खुपतं.

इथे या वाइनला झेक्ट म्हणतात. डिसेंबर लागला की ऑफिसात रोज कुणीतरी बाटली उघडतं. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवृत्ती, कुणाला नातू झाला. सकाळी अकरा वाजता! पहिल्या वर्षी मी घाबरून पाणीच घेतलं होतं. झेक्टवर एक कर आहे, तो ऐकून तुम्हाला हसू येईल. १९०२ साली कैसरला, म्हणजे इथल्या सम्राटाला, लढाऊ जहाजं बांधायला पैसा हवा होता, म्हणून तो बसवला. ते आरमार १९१९ मध्ये त्यांच्याच खलाशांनी समुद्रात बुडवलं. कर मधली काही वर्षं गेला, १९३९ मध्ये परत आला आणि अजून चालूच आहे, बाटलीमागे १.०२ युरो. सरकार कुठलंही असो, एकदा लावलेला उपकर सुटत नाही, हे तुमचं म्हणणं मी इथल्या मंडळींना ऐकवलं. त्यांना ते फार पटलं.

दिवाळीला आईचं फराळाचं पार्सल आलं तेव्हा आम्ही पाच-सहा मराठी माणसं माझ्याकडे जमलो होतो. मी दुकानातून 'एक्स्ट्रा ड्राय' लिहिलेली बाटली आणली. म्हटलं, सगळ्यात कमी गोड हीच असणार. घरी आल्यावर कळलं की यांचं गणित उलटं आहे. 'ब्रुट' म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, आणि 'एक्स्ट्रा ड्राय' म्हणजे १२ ते १७, म्हणजे जास्त गोड. मग एकाने ब्रुट आणली. आई, तुझी चकली आणि ब्रुट! तळलेलं, खारट, थोडं तिखट, आणि त्यावर तो गार आंबट घोट. पण अनारशाबरोबर तीच वाइन नुसती लिंबाच्या पाण्यासारखी लागली. गोडाशेजारी ती बिचारी उघडी पडते.

आता तुमच्या साडेसतराकडे येते.

डिसेंबरच्या मध्याला ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर मी फ्रान्सला गेले, शँपेन भागात. तिच्या मावशीचे यजमान अविझ गावात द्राक्षबागायतदार आहेत. गाव एपर्नेपासून दहा-बारा किलोमीटरवर. एपर्नेच्या मोठ्या रस्त्यावर एकेका कंपनीच्या हवेल्या आणि त्या रस्त्याच्या पोटात शंभराहून जास्त किलोमीटर तळघरं आहेत. मोएट ए शांदों कंपनीच्या दाराशी उभी राहिले तर काय वाटलं सांगू? यांचीच शँडॉन आपल्या दिंडोरीत २०१३ पासून बाटल्या भरते, आणि मी शाळेत असताना जिथून एसटी पकडायची त्याच तालुक्यातली ती. सहा-सात हजार किलोमीटर येऊन शेजारच्याच दारात उभं राहिल्यासारखं झालं. आणि दादा, याही आधी, १९८० च्या दशकात, नारायणगावला फ्रेंचांच्या मदतीने 'ओमर खय्याम' नावाची अशीच वाइन निघायची आणि परदेशात जायची. तिकडचा जुन्नर तालुका यात माझ्या जन्माआधी उतरला होता!

काकांच्या बागेत छाटणी चालू होती. सगळीकडे दाट धुकं, आणि माणसं एका पत्र्याच्या गाड्यात छाटलेल्या काड्या जाळत हात शेकत पुढे सरकत होती. धुराचा वास अगदी आपल्या बागेतला. मी सांगितलं की आमच्याकडे वर्षातून दोनदा छाटणी, एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला गोडी, आणि माल मात्र एकदाच. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी झाडांना छळते. मग मीच समजावलं, की आमच्याकडे बर्फ पडत नाही, वेल स्वतःहून झोपत नाही, तिला कात्रीनेच झोपवावं लागतं. हे तुमचंच वाक्य.

प्रेसच्या खोलीत खिळ्याला एक रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसाची गोडी मोजायची नळी, लटकत होता. अगदी तुमच्या सदऱ्याच्या खिशातल्यासारखा, काचेवर तोच ओरखडा. मी तो डोळ्याला लावला तर काका म्हणाले, "वाचता येतो?" मी म्हटलं, मला अ-आ-ई आधी ब्रिक्स आले. मग विचारलं, तुम्ही किती ब्रिक्सला तोडता? ते म्हणाले, साधारण सतरा-अठराला.

दादा, सतरा-अठरा! तिथे, जिथे एक किलो द्राक्षाला सहा युरोंच्या वर मिळतात.

कारण असं आहे. साधी वाइन एकदाच आंबते. ही फेसाळ वाइन, तुमच्या चेनिनची होते तीही, दोनदा आंबते. पहिल्यांदा टाकीत, साधारण दहा-साडेदहा टक्के मद्यार्क होईल इतकीच. मग बाटलीत भरताना लिटरला २४ ग्रॅमच्या आसपास साखर आणि यीस्ट घालून बूच ठोकतात. बाटलीत ती पुन्हा आंबते, गॅस बाहेर जाऊ शकत नाही, तोच वाइनमध्ये विरघळून बसतो. या दुसऱ्या आंबण्यात मद्यार्क आणखी सव्वा-दीड टक्क्याने वाढतो. आता द्राक्ष बावीस ब्रिक्सचं घेतलं तर शेवटी ती वाइन जड आणि जहाल होऊन बसेल. शिवाय यीस्टच्या गाळावर ती महिनोन् महिने पडून राहते. शँपेनच्या कायद्याने बाटली तळघरात कमीत कमी पंधरा महिने ठेवायलाच हवी, सालाचं नाव छापायचं तर तीन वर्षं. इतका काळ ताजी राहायला तिच्यात आंबट हवं. पिकलेल्या मण्यात गोडी वाढते तसं आंबट उतरतं. म्हणजे त्यांना तुमचा माल कच्चा म्हणून नको आहे असं नाही, तो आंबट आहे म्हणूनच हवा आहे. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, आणि या लोकांना आंबटच द्राक्षं!

आणि चेनिन ही जात तर यासाठीच नावाजलेली. तिचं माहेर फ्रान्समधलंच, लुआर नदीचं खोरं. तिथेही तिची फेसाळ वाइन करतात.

तुमच्या वायनरीवाल्याने हे तुम्हाला दोन मिनिटांत सांगायला हवं होतं. तो नुसता "वरून आदेश आहे" म्हणतो. आणि माझा खरा राग वेगळाच आहे. करारात भाव कशावर धरलाय ते बघा. गोडीवर असेल तर ते चूक आहे. त्यांना आंबटपणा पाहिजे, म्हणून ते पंधरा दिवस आधी तोडायला लावतात, वजनात तुमचं नुकसान, आणि वर ब्रिक्स कमी म्हणून भावही कमी? यंदाचा माल देऊन टाका, पण पुढच्या करारावर सही करायच्या आधी मला फोटो पाठवा.

काकांच्या तळघरात खडूच्या दगडातून कोरलेल्या पायऱ्या उतरून गेलो. गारठा, ओल, आणि भिंतीला हात लावला की बोटं पांढरी. तिरक्या लाकडी घोड्यांवर बाटल्या तोंड खाली करून खोचलेल्या. रोज थोडी थोडी फिरवायची, म्हणजे गाळ सरकत बुचापाशी येतो. मोठ्या कंपन्यांत आता हे यंत्रं करतात. मग बाटलीचा गळा गोठवतात, बूच काढलं की गाळाचा बर्फाचा खडा स्वतःच्या जोराने उडून जातो. आई, ही गाळ काढायची युक्ती एका विधवेच्या तळघरात निघाली. बार्ब-निकोल क्लिको, १८०५ साली नवरा गेला तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. धंदा विकायच्या ऐवजी तिने तो हातात घेतला. त्या कंपनीच्या बाटलीवर आजही 'वव्ह' लिहिलेलं असतं, म्हणजे विधवा. मला आपली शांतामावशी आठवली. सगळे म्हणत होते बाग विकून टाक.

चव? हिरव्या सफरचंदासारखी आंबट, आणि मागून बेकरीत ताजी खारी निघते तसा वास. तो वास यीस्टचा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मैत्रिणीला वाटलं गॅस नाकात गेला.

थर्टी फर्स्टला बार्सिलोनाला होते. तिथून लोकल गाडीने सान सादुर्नी नावाच्या गावी गेलो. त्यांच्या काव्हा वाइनचं हे गाव, पद्धत तीच, १८७२ पासून, पण किंमत माझ्यासारखीला परवडणारी. पण तुम्हाला सांगायची गोष्ट वेगळी. रात्री बारा वाजता घड्याळाच्या प्रत्येक टोल्याला एक द्राक्ष खायचं, बारा टोले, बारा द्राक्षं, मग काव्हाचा पेला. खायची द्राक्षं, दादा, तुमच्या थॉमसनसारखी! पण त्यांच्यात बिया. सातव्या टोल्याला माझ्या तोंडात चार द्राक्षं आणि आठ बिया. ही द्राक्षं दक्षिणेकडे विनालोपो खोऱ्यात होतात आणि घड वेलीवर असतानाच त्यांना कागदाची पिशवी बांधतात. तुम्ही एक्स्पोर्टच्या मालाला पेपर लावता तसंच. आणि दुकानात बारा सोललेल्या बिनबियांच्या द्राक्षांचा छोटा डबाही मिळतो. मी हसायचं की यात आपला धंदा आहे हे बघायचं, ठरवता आलं नाही.

मार्चमध्ये येते. वायनरीतून आपल्या चेनिनची स्पार्कलिंगची एक बाटली आणवून ठेवा, तुम्ही घ्या अगर नका घेऊ, नुसता वास घ्या. माझ्याआधी कुणी उघडू नका, विशेषतः सागर. कारच्या टायरात हवा ३२-३३ असते, या बाटलीत ८० च्या वर. नीट गार करायची, बूच एका हातात घट्ट धरायचं आणि बाटली फिरवायची. आवाज आलाच तर सुस्कारा सोडल्यासारखा यायला हवा.

तोडणीला किती टन भरला ते कळवा. आईची गुडघ्याची तपासणी पुढे ढकलू नका.

पाकिटात पिहूसाठी दोन पत्र्याच्या रंगीत चकत्या टाकल्यात, बुचावर तारेखाली बसवलेल्या असतात त्या. फ्रान्समध्ये लोक त्या जमवतात. आजीने विचारलंच कशाच्या आहेत म्हणून, तर सोड्याच्या बाटलीच्या म्हणा. अगदी खोटंही नाही ते.

तुमची,
सुमी