स्क्वॉशची सर्व्हिस जोरात मारायची नसते हो!

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या मुंबईतच आयओसीची (आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची) बैठक झाली आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेटसोबत स्क्वॉशही घेतलं. क्रिकेटवर तेव्हापासून बोलणं चालूच आहे, स्क्वॉशला कोण विचारतंय. त्याआधी काही दिवस हांगझोच्या एशियन गेम्समध्ये आपल्या पोरांनी पाकिस्तानला हरवून टीम गोल्ड आणलं, त्या टीममध्ये मुंबईचा महेश माणगावकर होता, हे किती जणांना माहितीये?

असो. लिहायचं कारण वेगळंय. आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये स्क्वॉश कोर्ट आहे (चार भिंतींची खोली, दोघंही आत उभे राहून आळीपाळीने समोरच्या भिंतीवर बॉल मारतात), हल्ली नवीन मुलं येतात, बरं वाटतं. पण सर्व्हिस बघवत नाही. टीव्हीवर टेनिस बघून आलेली, त्यामुळे हात वर करून जीव खाऊन मारायचं. बॉल समोरच्या भिंतीवर आपटतो, तिथून मागच्या भिंतीवर आणि तिथून उसळी घेऊन अलगद प्रतिस्पर्ध्याच्या रॅकेटवर, ताटात वाढल्यासारखा. मग तो काय, आरामात मारतो आणि पॉइंट गेला.

नियम खरं तर सोपे आहेत. निदान एक पाऊल सर्व्हिस बॉक्समध्ये (दोन्ही बाजूंना आखलेले छोटे चौकोन असतात, त्यातल्या एकात) जमिनीला टेकलेलं हवं आणि ते रेषेला लागता कामा नये, दुसरं कुठेही असलं तरी चालतं (दोन्ही पाय आत पाहिजेत म्हणून आमच्याकडे रोज वाद होतो, तसं काही नाहीये). बॉल आधी समोरच्या भिंतीवरच लागला पाहिजे, मधल्या रेषेच्या वर आणि सगळ्यात वरच्या रेषेच्या खाली, म्हणजे साधारण ६ फूट ते १५ फूट, रेषेवर लागला तरी फॉल्ट. आणि समोरच्याने हवेतच मारला नाही तर पहिला टप्पा कोर्टच्या पलीकडच्या बाजूच्या मागच्या मोठ्या चौकोनात पडायला हवा. टेनिससारखी दुसरी सर्व्हिस मिळत नाही, एक चुकली की पॉइंट समोरच्याला. पूर्वी सर्व्हिस करणाऱ्यालाच पॉइंट मिळायचा, आता ११ चा गेम असतो आणि प्रत्येक रॅलीला पॉइंट, म्हणून फुकट घालवणं जास्तच महागात पडतं.

नवशिक्यांनी लॉब सर्व्ह (हळू, उंच कमानीत जाणारी सर्व्हिस) शिकावी असं माझं स्पष्ट मत आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याने उजव्या बॉक्समधून सुरुवात करावी, म्हणजे बॉल समोरच्याच्या बॅकहँडला जातो (तोही उजवखोरा असेल तर). गुडघे जरा वाकवायचे, रॅकेटचं तोंड वर उघडं ठेवायचं आणि खालून हळूच उचलायचा. बॉल भिंतीला लागताना अजून वरच चढत असला पाहिजे, जागा मधोमधच्या जरा डावीकडे आणि वरच्या रेषेच्या थोडी खाली. मग तो कमान करून मागे जातो, डाव्या भिंतीला उंचावर नुसता घासतो आणि कोपऱ्यात मरतो. समोरच्याला एक तर खांद्याच्या वरून भिंतीला चिकटून मारावं लागतं नाहीतर कोपऱ्यात, जिथे रॅकेट फिरवायलाच जागा नसते. छान पडलीये का हे बघत बॉक्समध्ये उभं राहायचं नाही, मारल्या मारल्या मधल्या टी वर (कोर्टच्या मध्यावर जमिनीवरच्या रेषा मिळतात तिथे) यायचं, निम्मी मुलं इथेच मार खातात.

आणि पालकांनो, दोन पिवळ्या ठिपक्यांचा बॉल प्रो लोकांचा असतो, थंड असताना तो उसळतच नाही, नवीन मुलांना लाल किंवा निळ्या ठिपक्याचा घेऊन द्या.

क्रीडा पानावर आयपीएलच्या लिलावाला एवढी जागा देता, त्यातला अर्धा कॉलम देऊन कोर्टची एक आकृती छापा, रेषा आणि लॉबची कमान दाखवून. कापून क्लबहाऊसच्या बोर्डावर लावतो, तिथे सध्या पार्किंगच्या नोटिसांशिवाय काही नाही.

आपला,
एक नियमित वाचक, बाणेर, पुणे